गोमीबायची खालची कवळी

माझी मान आता डावीकडे पूर्ण वळत नाही. तेहतीस वर्षं खुर्चीच्या उजव्या बाजूला उभं राहून लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्याची ती कमाई आहे. रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी रिक्षा बघायची तर मला सगळं अंगच फिरवावं लागतं, आणि मीरा रोडला रिक्षा डावीकडून, उजवीकडून आणि मनात आलं तर फुटपाथवरूनही येते. त्यामुळे "दवाखान्यातले गमतीदार अनुभव लिहा" असा एका मासिकाचा फोन आला तेव्हा माझ्या कपाळावर आठ्याच आल्या. दातांच्या डॉक्टरकडे कोणी गमतीनं येत नाही. येतात ते गाल धरून, आणि जाताना बिलाकडे बघून पुन्हा गाल धरतात.

आम्ही नवरा-बायको लालबागच्या एका खोलीतून इथे आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे मिठागरं दिसायची. तळमजल्यावर एक गाळा घेतला, खुर्ची टाकली, पाटी लावली. तेव्हाचे पेशंट म्हणजे शहरातून उठून आलेली आमच्यासारखीच तरुण जोडपी. त्यांच्या मुलांचे दुधाचे दात मी काढले. ती मुलं आता परदेशात किंवा ठाण्यात आहेत, आणि त्यांच्या आईबापांच्या दाढा मी काढतेय. मी आता आठवड्यातून तीनच दिवस बसते. आणि या तीन दिवसांत नव्वद टक्के वेळ एकाच प्रश्नाचं उत्तर देत असते: "मॅडम, फिक्स बसवू की कवळी करू?"

उत्तर सोपं नाही, तरी जमेल तितकं सोपं करून सांगते. दात गेला की तो जिथे उभा होता ते हाड हळूहळू झिजतं. काम नसलेल्या माणसासारखं ते खंगत जातं. वरची कवळी टाळूभर पसरलेली असते, ती ओल्या काचेला काच चिकटावी तशी चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळूच नाही. ती हाडाच्या एका बारीक बांधावर बसते आणि मधोमध जीभ सतत तिला ढोसत असते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक खालच्या कवळीच्या असतात. इम्प्लांट म्हणजे हाडात पिळून बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. तो बसवला की तीन-एक महिने गप्प थांबायचं. हाडानं त्याला धरलं, तर त्यावर दात बसतात आणि पुढे अनेक वर्षं आपल्याला त्यांची आठवणही राहत नाही. नाही धरलं, तर तो बोटानं काढता येतो. पैसे कवळीपेक्षा कितीतरी जास्त लागतात, हे सांगायची गरज नसते, ते लोक आधीच विचारून आलेले असतात. धीर किती लागतो ते मात्र कोणी विचारत नाही.

या प्रश्नानं मला माणसांच्या तऱ्हा बघायला मिळाल्या. मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी कवळी शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि फक्त मीटिंगला लावायचे. जेवताना काढून ठेवत. म्हणत, "मॅडम, पोळी दातांशिवायही गिळता येते, पण दात नसले की लोक मेंटेनन्स भरत नाहीत." एका हार्डवेअरच्या दुकानदारानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरून सांगितलं होतं, "ये वाला लगा दो, एक दिन में सब फिक्स." शुगर वाढलेली, हातात सिगारेट. मी नाही म्हटलं, त्यानं दुसरीकडे जाऊन लावून घेतले. ते अजून शाबूत आहेत. दर वर्षी तो मुद्दाम येऊन मला दाखवून जातो आणि मी दर वर्षी त्याच्यासमोर खोटी पडते. आणि एक मुलगा आला होता, वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रुमालात त्यांची कवळी घेऊन. त्याला विचारायचं होतं की ही त्यांच्याबरोबर द्यायला हवी होती का. घाईत घरीच राहिली होती. मी म्हटलं, "राहू दे रे, तिथे चावायला काही नसेल." तो हसला आणि मग रडला. असले प्रसंग आठवायला बरे वाटतात. पण मला खरं सांगायचं आहे ते गोमीबायचं, आणि त्यात गंमत फारशी नाही.

गोमीबाय राईची. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर खाडीकाठी हे जुनं गाव आहे. निम्मी शेतं आता इमारतींखाली गेलीत. तिच्या घरचीही गेली, आणि त्यातून मुलगा रमाकांत यानं टाइल्स आणि नळांचं मोठं दुकान टाकलं. गोमीबाय मात्र होती तशीच राहिली: सत्तरीच्या आतबाहेर, काटक, आखूड नेसलेलं लुगडं, नाकात ठसठशीत नथ. आणि ती धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी लोकांच्या लग्नात धवला गाणारी बाई असते. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ते तिनं गायल्याशिवाय विधी झाला असं जुनी माणसं मानत नाहीत. काही घरांत तर भटजींआधी तिलाच बोलावणं जातं. कागदावर काहीही नसतं. सगळं हिच्या तोंडात.

आणि तोंडातच घोळ झाला होता. दिवाळीनंतर रमाकांत आणि त्याची बायको सुनंदा तिला घेऊन आले. गोमीबायनं रुमालातून खालची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. कुठेतरी दहा वर्षांपूर्वी केलेली, ढिली झालेली. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या घरच्या हळदीला ती गात होती. लांबलचक ओळ, मध्ये श्वास नाही, आणि ती ओळ उचलताना खालची कवळी सुटली आणि थेट हळदीच्या ताटात पडली. पोरी हसल्या. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. एका पोरानं लगेच डीजे लावला, आणि त्या दिवसापासून गोमीबाय कुठल्याही लग्नात गायली नव्हती.

"आता वैशाखात माझ्या दर्शनाचं लगीन आहे," रमाकांत म्हणाला. "ती म्हणते आजीच गाणार. नाहीतर हळद लावूनच घेणार नाही म्हणते. मी म्हटलं आईचं रेकॉर्डिंग आहे जुनं, स्पीकरवर लावू. पण ऐकतच नाय. म्हणून मॅडम, आईला एकदम फिक्स दात करा. खर्चाचं टेन्शन नाय."

मी गोमीबायला विचारलं, जेवणाचं कसं काय?

"खावाचा काय न्हाय गो," ती म्हणाली. "भात हाय, आंबट हाय, गिलतंय. मना धवला गावाचा हाय. पोरीची हलद मुकी जाली तं मी कशाला जगतंय?"

आंबट म्हणजे त्यांच्याकडची मासळीची आमटी. तर प्रश्न इतका स्वच्छ होता. माझ्याकडे आलेल्या हजारो लोकांपैकी खाण्यासाठी आले ते निम्मे, फोटोसाठी आले ते उरलेले, गाण्यासाठी ही एकटी. मी वाकून तोंड बघितलं. खालचं हाड झिजलेलं होतं, पण पुढच्या भागात पुरेसं उरलं होतं. माझ्या मनात लगेच बेत तयार झाला. पुढे दोन स्क्रू, आणि त्यांच्यावर टिचबटणासारखी बसणारी खालची कवळी. टिचबटण दाबलं की बसली. मग हवी तेवढी लांब ओळ घ्या, ती उडायची नाही. स्क्रू बसवायला माझ्याकडे गुरुवारी केतन येतो. तो तरुण सर्जन आहे, पाच-सहा दवाखान्यांत फिरतो. हल्ली आमच्यासारख्या एकेकट्या दवाखान्यांचं असंच चालतं. मार्गशीर्षात स्क्रू बसवायचे, फाल्गुनात कवळी जोडायची, वैशाखात लग्न. वेळ अगदी बेताचा, पण पुरत होता.

मग मी नेहमीचा फॉर्म भरायला घेतला. शुगर? नाही. बीपी? थोडंसं. तंबाखू?

"न्हाय बाय," गोमीबाय म्हणाली.

"आमच्या आईला कसलंच व्यसन नाय," रमाकांत अभिमानानं म्हणाला. "चहापण बिनसाखरेचा."

मी तिच्या उजव्या हाताचं बोट बघितलं. पहिलं बोट, नखाच्या कडेला काळपट तपकिरी, धुतलं तरी न जाणारं. आणि खालच्या ओठाच्या आत जो करडा पट्टा मी मिनिटभरापूर्वी बघितला होता, त्याचा अर्थ मला समजला. मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. इथल्या गावांतल्या बायका पहाटे उठून ती बोटानं हिरड्यांना लावतात. दात गेले तरी लावतात. आणि त्यांना विचारलं की तंबाखू खाता का, तर त्या नाही म्हणतात, आणि ते खोटं नसतं. तंबाखू पुरुष खातात. मशेरी म्हणजे तोंड धुणं.

मी वर बघितलं तर गोमीबाय माझ्याकडेच बघत होती. मी बघितलं ते तिनं बघितलं होतं. शेजारी मुलगा, सून. मी फॉर्मवर "नाही" लिहिलं.

का लिहिलं, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. एक कारण चांगलं आहे: म्हाताऱ्या बाईची लाज मुलासमोर काढायची नव्हती. पुढच्या वेळी एकटी असताना विचारू, असं ठरवलं. दुसरं कारण तितकं चांगलं नाही. संध्याकाळचे सात वाजले होते, बाहेर चार जण बसले होते, आणि मी थकले होते. तंबाखू चालू असली की हाड स्क्रूला नीट धरत नाही; मशेरी निघाली असती तर मशेरी सोडण्याचं बोलावं लागलं असतं, महिनाभर थांबावं लागलं असतं, वैशाख हातचा गेला असता. आणि तिसरं कारण सांगायला जड जातं. कवळ्या घासून घासून कंटाळलेल्या दंतवैद्याला स्क्रूची केस हवीशी वाटते. पुढच्या वेळी ती सुनेबरोबर आली. त्यापुढच्या वेळी दर्शनाबरोबर. एकटी ती कधीच आली नाही, आणि मीही कधी कोणाला "जरा बाहेर बसा" म्हटलं नाही. दोन शब्दांचं काम होतं.

मार्गशीर्षात केतननं स्क्रू बसवले. काम सुरेख झालं. गोमीबायनं हूं की चूं केलं नाही.

फाल्गुनाच्या मध्यावर ती आली तेव्हा डावीकडची हिरडी सुजलेली होती. केतननं हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. स्क्रू हलत होता. दोनदा फिरवल्यावर तो त्याच्या बोटांत आला. हाडानं धरलाच नव्हता. उजवीकडचा पक्का होता, पण एका टिचबटणावर झंपर टिकत नाही. जखम भरायची, पुन्हा स्क्रू, पुन्हा तीन महिने. लग्नाला सात आठवडे उरले होते.

"हिस्ट्री क्लिअर होती ना?" केतननं मला विचारलं. मग तो गोमीबायकडे वळला. त्या पोराला इकडच्या चालीरीती ठाऊक नाहीत, पण तो शिकलेला आहे, नीट विचारतो. "आजी, तोंडाला काही लावता? गुल, तपकीर, मशेरी?"

"मशेरी लावतंय," गोमीबाय सहज म्हणाली. "सकालची. ती काय तंबाखू हाय?"

रमाकांतला खरंच माहीत नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, जन्मभर त्याच घरात, आणि आई पहाटे न्हाणीमागे काय करते हे त्याला ठाऊक नव्हतं. सुनंदाला ठाऊक होतं. बाजारातून पुडी तीच आणायची. ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

"आई, तुला काय अक्कल हाय का?" रमाकांतचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. रागावला की त्याच्या बोलण्यात गाव येतं. "सगळ्यांनी जीव टाकला आणि तू... पोरीच्या लग्नाची वाट लावलीस तू. तूच लावलीस!"

गोमीबाय खुर्चीत होती. आमची खुर्ची माणसाला उताणं ठेवते, उठून बसायलाही मदत लागते. तिनं वर छताकडे बघत म्हटलं, "मंग नको. मोबाईल लावा."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी तिथे उभी होते, हातात ट्रे. केतन समोर होता, बाहेर पेशंट होते, माझी पाटी होती. मी त्यांना बाहेरपर्यंत सोडायला गेले आणि "काहीतरी मार्ग काढू" असं म्हटलं. आयुष्यात मी इतकं पोकळ वाक्य फार वेळा बोललेले नाही.

चार दिवस मी ते ढकललं. पाचव्या दिवशी सकाळी भाईंदर पश्चिमेला जाऊन रिक्षा केली आणि राईला उतरले. रमाकांत दुकानावर होता, सुनंदा माहेरी गेली होती. गोमीबाय ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. मी येईन असं तिला वाटलं नसावं, पण आश्चर्य तिनं दाखवलं नाही. पाटावर बसायला लावलं, पाणी दिलं.

मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "गोमीबाय, मशेरी मी पहिल्याच दिवशी बघितली होती. तुमच्या बोटावर. तरी मी लिहिली नाही."

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तू बगलंस ता." तिनं एका बोंबलाचं डोकं मोडलं. "तू बगलंस, आन काय बोल्लीस न्हाय. मना वाटला, डॉक्टरबाय बोलत न्हाय म्हंजी चालताय. आदी मी कमी केलेली. तू गप रायलीस म्हनून परत लावाया लागलंय."

मला वाटलं होतं, मी तिची लाज राखली. तिनं त्याचा अर्थ परवानगी असा घेतला होता. कोणीही घेतला असता. डॉक्टरनं बघून गप्प राहणं म्हणजे दुसरं काय असतं? मी तिथे पाटावर बसून रडले. इतक्या वर्षांत पेशंटसमोर रडण्याची ती एकच वेळ. तिनं मला रडू दिलं, मग बोंबलांची सुपली पुढे सरकवली आणि म्हणाली, "बसलंस तं निवड."

निवडता निवडता मी विचार केला. स्क्रूचा मार्ग बंद झाला होता. राहिली होती साधी कवळी. पण साधी कवळीसुद्धा दोन तऱ्हेनं करता येते. आमच्या कॉलेजात एक म्हातारे सर होते. ते खालच्या कवळीचं माप घेताना पेशंटला गप्प बसू द्यायचे नाहीत. तोंडात मऊ लगदा घालायचे आणि त्याला बोलायला, गिळायला, मोजायला लावायचे. लगदा घट्ट होईपर्यंत जीभ आतून ढकलते, गाल बाहेरून ढकलतात, आणि दोघांच्या मध्ये जी जागा उरते तेवढ्यातच कवळी करायची. म्हणजे जीभ तिला उडवत नाही, उलट धरून ठेवते. काम किचकट, वेळखाऊ, त्यातून पैसे सुटत नाहीत. मी पंधरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

"गोमीबाय," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या खुर्चीत बसून गाणार का?"

"तोंडात तुजा चिखल घेऊन?"

"हो."

"गाईन," ती म्हणाली. "पन रमाकांतला यातला काय सांगू नको. त्याचा डोका आदीच तापलाय. आदी लगीन होऊ दे."

मी ऐकलं. ते ऐकणंही सोयीचंच होतं, हे मला कळत होतं.

पुढचे पाच शनिवार दुपारी मी दवाखाना बंद ठेवला. ती दर्शनाबरोबर यायची. लगदा तोंडात गेला की ती डोळे मिटायची आणि सुरू करायची. शब्द कळत नव्हते, नुसता घुमणारा आवाज. पण जीभ जिथे जायची तिथे जात होती. पहिलं माप फसलं, कारण मी तिला खुर्चीत नीट टेकून बसवलं होतं, आणि धवला टेकून कोणी गात नाही. दुसऱ्या वेळी तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि मीच समोर गुडघ्यावर बसले. गुडघे आठ दिवस बोलत होते. तिसऱ्या वेळी माप आलं: वेडंवाकडं, एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक. भाईंदरला माझ्या कवळ्या करणारे इक्बालभाई आहेत, ते माप हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले.

"मॅडम, ये तो टेढ़ा है. दाँत सीधे लगाऊँ ना?"

"नहीं इक्बालभाई, जैसा है वैसा ही. एक सूत भी सीधा मत करना."

"दिखने में अच्छा नहीं लगेगा."

"दिखाना नहीं है. गाना है."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईंनी आता रिटायर व्हावं. पण केली अगदी तशीच.

हळदीला मी गेले. अंगणात मांडव, जातं मांडलेलं, बायकांचा गराडा. डीजेवाल्याला दर्शनानंच फाटकाबाहेर थांबवलं होतं. गोमीबायनं जात्याच्या खुंट्याला हात लावला आणि सुरू केलं. मी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी एकच गोष्ट ऐकत होते: कवळी. ओळ वर चढली की मी कान टवकारायचे. कुठे खट् होतं का, कुठे हिस्स होतं का. दोनदा मला वाटलं सुटली. दोन्ही वेळा तिनं जिभेनं आत ओढून घेतली, कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मांडवातही तेच. दोन दिवस मिळून ती तासन् तास गायली असेल, आणि मला एक शब्द सांगता येणार नाही.

लग्न दुपारी लागलं. जेवणं झाली, आणि नवरी निघायच्या आधी रमाकांतनं मला मांडवात पुढे बोलावलं. हातात साडी आणि नारळ. भोवती वऱ्हाड, नातेवाईक, गावातली माणसं. माणूस मनापासून खूश होता. मोठ्यानं म्हणाला, "आमच्या आईनं मशेरी लावून सगळा घोळ घातला होता. पण या मॅडमनी सावरलं. नाहीतर आज आमची हळद मुकीच गेली असती."

लोक हसले. प्रेमानंच हसले. गोमीबाय बाजूला खुर्चीत बसली होती. ती पण हसली, आणि मग तिनं उजव्या हाताचं बोट पदरात घेतलं.

ते बघितलं आणि मला बोलावंच लागलं. "रमाकांत, घोळ आईनं नाही घातला. मशेरी मला पहिल्या दिवशी दिसली होती. मी लिहिली नाही, थांबवलं नाही. मी गप्प बसले म्हणून त्या समजल्या की चालतं. तो स्क्रू माझ्यामुळे गेला. तुम्ही त्या दिवशी माझ्यावर ओरडायला हवं होतं."

साडी आणि नारळ तसेच त्याच्या हातात राहिले. पुढे करावेत की मागे घ्यावेत हे त्याला कळेना. चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी आलं. आजूबाजूची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तो आईकडे वळला.

"आरं, असा उबा काय रातोस?" गोमीबाय म्हणाली. "दे तिला ता. आन पोरीला बग, गाडी आली."

त्यानं साडी आणि नारळ माझ्या हातात दिला. मग तो आईच्या खुर्चीशी गेला, तिचं ते पदरात घेतलेलं बोट बाहेर काढलं, आपल्या मुठीत धरलं आणि तिला उठवलं. दोघं तसेच फाटकापर्यंत गेले. दर्शना गाडीपाशी उभी राहून रडत होती. गोमीबायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाठवणीचा धवला धरला.

मी नारळ सांभाळत मागे उभी होते. त्या गाण्यात आजी नातीला वाट सांगते. खाडीच्या कडेनं जा, पाणी उजव्या हाताला ठेव, गावाच्या वेशीवर मागे वळून बघ, पुढच्या वळणावर बघू नकोस, सासरच्या दारात पोचलीस की आधी पाणी माग, लाजू नकोस. एकेक शब्द सुटा येत होता. कवळी हलतेय की नाही, याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.